तापणारी गाडी आणि पुसलेले पुरावे

गाडी तापते म्हणून गॅरेजला आलेल्या जुन्या मारुती ८०० ची थर्मोस्टॅटवरची टोपी उचलली, की बऱ्याच वेळा खाली रिकामी खोबण निघते. गॅस्केटच्या जागी बोटानं फासलेलं सिलिकॉन, त्याचे वाळलेले गोळे कडेनं आत लोंबलेले, आणि जिथं स्प्रिंगवाला थर्मोस्टॅट बसायला हवा तिथं काहीच नाही. कोणीतरी कधीतरी तो काढून टाकलेला असतो. मग पुढचं पाहावं, तर पंख्याची वायर थर्मो स्विचला वगळून डायरेक्ट केलेली, म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू. रेडिएटरमध्ये कूलंटच्या रंगाचा मागमूस नाही, नुसतं तांबूस पाणी. झाकण बाजारात मिळालं ते, त्यावर दाबाचा आकडासुद्धा नाही. ही कामं वेगवेगळ्या मेस्त्र्यांनी वेगवेगळ्या उन्हाळ्यांत केलेली असतात, आणि दर वेळी काटा खाली आला म्हणून गिऱ्हाईक समाधानानं घरी गेलेलं असतं. जुन्या गाडीच्या तापण्याचं निदान कठीण होतं ते तिच्या वयामुळे कमी आणि या उपायांमुळे जास्त, असं माझं मत या कामातून बनलं आहे. प्रत्येक उपायानं आधीच्या बिघाडाची खूण पुसलेली असते. म्हणून अशी गाडी आली, की बिघाड शोधायच्या आधी ती कंपनीतून निघाली तशी करून घ्यावी. हे काम खर्चाचं आहे आणि गिऱ्हाइकाला उलटं वाटतं, हे मला मान्य आहे.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो. तो बाहेर टाकायचा तर पाणी पुरेसं असलं पाहिजे, ते फिरलं पाहिजे, रेडिएटरच्या जाळीतून त्याची उष्णता बाहेर पडली पाहिजे आणि ती घेऊन जायला हवा आली पाहिजे. यातलं काय बिनसलं हे काटा सांगत नाही. ते कळतं गाडी केव्हा तापते यावरून. सिग्नलला उभी असताना तापते आणि हायवेला लागली की काटा आपोआप उतरतो, तर पाणी आणि जाळी बहुधा ठीक आहे, कमी पडते ती हवा, म्हणजे पंखा बघायचा. शहरात दिवसभर काही नाही आणि हायवेला ऐंशीच्या पुढे किंवा घाटात तापायला लागते, तर हवा पुरेशी आहे, पाणी कमी फिरतंय किंवा जाळी चोंदली आहे. अशा वेळी इंजिन रेज करून रेडिएटरच्या खालच्या पाइपकडे बघावं. रबर मऊ झालेलं असेल तर पंपाच्या ओढीनं तो पाइप चपटा होतो आणि वेग सोडला की पुन्हा फुगतो. गाडी उभी करून थंड झाल्यावर बघणाऱ्याला तो नेहमीच धडधाकट दिसतो. सकाळी गार इंजिन सुरू केलं आणि थोड्याच वेळात काटा चढला, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला आहे किंवा आत पाणीच नाही. आणि केव्हाही तापते, पाणी तर रोज कमी होतं, पण जमिनीवर थेंब नाही, अशा गाडीच्या हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. पद्मिनीसारख्या गाडीत हे गणित थोडं बदलतं, कारण तिचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद तर पंखाही मंद. तिथं सिग्नलला काटा थोडा चढणं हा स्वभाव झाला, आणि पट्टा ढिला असेल तर तापण्याबरोबर चार्जिंगचा लाल दिवाही मिणमिणतो. म्हणजे खूण वाचायची तर ती गाडी मुळात कशी चालायची हे आधी माहीत हवं.

या खुणा पुसल्या कशा जातात, ते डायरेक्ट पंख्यावरून समजतं. थर्मो स्विच गेला, सिग्नलला गाडी तापली, वायर डायरेक्ट केली. स्विचच्या किमतीपेक्षा स्वस्तात काम झालं. पण आता पंखा कायम फिरतो, त्यामुळे जाळीतल्या काही नळ्या चोंदल्या तरी त्या जादा हवेवर भागून जातं आणि कुणाला कळत नाही. चांगल्या गाडीत पंखा किती वेळा लागतो आणि किती वेळ चालतो, हेच रेडिएटरच्या तब्येतीचं रोजचं माप असतं. कान सरावलेला मालक ‘हल्ली पंखा सारखा लागतो’ अशी तक्रार घेऊन येतो तेव्हा जाळी साफ करून काम भागतं. डायरेक्ट केलेल्या गाडीचा मालक ही तक्रार करूच शकत नाही. त्याला जाळीची बातमी मिळते ती एकदम खंबाटकी घाटात, मागे ट्रकची रांग असताना. शिवाय मोटर दिवसभर चालून तिचे कार्बन झिजतात, आणि पंखा एक दिवस बंद पडतो तेव्हा मुळात लागण्या-थांबण्याचा आवाजच नसल्यामुळे तेही लक्षात येत नाही.

थर्मोस्टॅट काढण्याची चाल याहून जास्त पसरलेली आहे आणि तिच्या बाजूनं बोलणारेही जास्त. तो काय करतो ते आधी बघू. आत मेणानं भरलेली पितळी कुपी असते. ठरावीक तापमानाला मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, चकती उघडते आणि इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे जायला लागतं. आकडा कडेवर कोरलेला असतो, आपल्याकडच्या गाड्यांत बहुधा ८२ किंवा ८८ अंश. चांगला आहे की नाही हे तपासायला मशीन लागत नाही. पातेल्यात पाणी घ्यावं, थर्मोस्टॅट दोऱ्यानं मधोमध लोंबकळत ठेवावा, बुडाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर धरावा आणि गॅस लावावा. ऐंशीपर्यंत काही होत नाही. मग चकतीच्या कडेला केसाएवढी फट पडते, तिथून बारीक बुडबुडे सुटतात, आणि नव्वदी ओलांडेपर्यंत चकती चांगली सात-आठ मिलिमीटर खाली गेलेली असते. पाणी निवू दिलं की ती परत घट्ट बसली पाहिजे. अर्धवट उघडणारा किंवा उघडा राहणारा थर्मोस्टॅट इथंच पकडला जातो. चहा व्हायला लागतो तेवढ्या वेळात होणारी ही तपासणी फारच थोड्या ठिकाणी होते. संशय आला की काढून टाकणं जास्त सोपं पडतं.

काढणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा, की हे प्रकरण थंड देशांसाठी आहे, आपल्याकडे चाळीस अंशांत त्याची गरज काय? ऐकायला पटतं. पण इंजिनाला हवं असलेलं तापमान बाहेरच्या हवेवर ठरत नाही. नागपूरच्या मे महिन्यातली ४५ अंशांची हवासुद्धा ८८ पेक्षा ४३ अंशांनी गार आहे. उन्हाळ्यात अडचण होते ती रेडिएटरची. हवा २० अंशांची असताना पाणी आणि हवा यांच्यात ६८ अंशांचा फरक असतो, ४५ ला तो ४३ वर येतो, आणि रेडिएटरची उष्णता टाकायची ताकद याच फरकावर चालते. म्हणजे मे महिन्यात तोच रेडिएटर एक तृतीयांशाहून जास्त दुबळा झालेला असतो. त्या वेळी थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडा असतो. तो काढून मिळतो तो वाहत्या पाण्याचा थोडासा अडथळा गेल्याचा फायदा, एवढाच. एवढ्या फायद्यानं जी गाडी तापायची थांबते तिचा थर्मोस्टॅट तरी बिघडलेला होता, नाहीतर तिचा रेडिएटर काठावर आलेला आहे. पहिल्या बाबतीत नवा टाकायला हवा होता. दुसऱ्या बाबतीत खरा रोगी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लपवला गेला.

इथं माझ्याच बाजूनं केला जाणारा एक चुकीचा युक्तिवादही खोडायला हवा. थर्मोस्टॅट नसला तर पाणी इतक्या वेगानं फिरतं, की रेडिएटरमध्ये त्याला निवायला वेळच मिळत नाही, म्हणून गाडी तापते, असं जाणकार म्हणवणारे मेस्त्रीही सांगतात. हे खरं नाही. पाणी एका फेरीत कमी निवतं, पण फेऱ्या तितक्याच वाढतात, आणि वेगानं वाहणारं पाणी नळीच्या भिंतीला उष्णता जास्तच देतं. थर्मोस्टॅट काढल्यावर गाडी खरोखर जास्त तापल्याची उदाहरणं आहेत, पण त्यांचं कारण वेगळं. काही इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरची वाट उघडताना ती बायपासची वाट बंद करते. अख्खा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि तापलेलं पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथं इंजिनात फिरत राहतं. बाकीच्या इंजिनांत नुकसान उलट दिशेनं होतं. रोज चार-पाच किलोमीटर धावणारी गाडी कधी नीट तापतच नाही. ऑइलमध्ये पाणी आणि कच्चं पेट्रोल साठतं, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते, अॅव्हरेज पडतं. इंजेक्शनवाल्या गाडीत तर संगणकाला पाणी गार दिसतं आणि तो गार इंजिनाला द्यावं तसं जास्त पेट्रोल देत बसतो. मग ही पांढरी साय बघून कोणीतरी ‘हेड गॅस्केट गेली’ असं निदान करतो आणि धडधाकट हेड उतरवतो. पुसलेल्या खुणेच्या जागी खोटी खूण उमटते, ती अशी.

पाणी की कूलंट, या वादात पाण्याच्या बाजूनं एक खरी गोष्ट आहे, ती आधी कबूल करतो. उष्णता वाहून नेण्यात नुसतं पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरस आहे. पण रेडिएटरमध्ये ओतलं जातं ते प्रयोगशाळेतलं पाणी नसतं. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं ते पाणी असतं, ज्यानं घरातला गीझर आणि किटली पांढरी होते. तेच क्षार इंजिनाच्या सर्वांत गरम भिंतीवर, हेडच्या आतल्या बाजूला बसतात. तिथला एक मिलिमीटरचा थर उष्णतेला ओतीव लोखंडाच्या वीसेक मिलिमीटर जाडीइतका आडवा येतो. बाहेरून ना रेडिएटर चोंदलेला दिसतो ना पंप बिघडलेला, आणि तरी इंजिन तापतं. गंजरोधक नसलेल्या पाण्यात लोखंड गंजतं, अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पंपाची पाती झिजून बोथट होतात. मग पाणी तांबूस होतं, आणि ते का तांबूस झालं हे न विचारता काढून पुन्हा बोअरचंच भरलं जातं.

झाकणाची गोष्ट तर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. ०.९ बारचं चांगलं झाकण आतला दाब धरून ठेवतं, म्हणून साधं पाणीसुद्धा समुद्रसपाटीला ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालेलं, स्प्रिंग मेलेली टोपी हा दाब धरत नाही. सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात उघडं पाणी ९५-९६ अंशांना उकळतं. बऱ्याच गाड्यांचा पंखा लागतो तोही याच आसपास. म्हणजे पंख्यानं काम सुरू करावं त्याच सुमारास पाणी उकळून बाहेर पडायला लागतं. चांगलं झाकण असेल तर तिथंही ११५ च्या पुढे मुभा असते. घाट चढून आल्यावर पाणी फेकणाऱ्या गाडीचा रेडिएटर बदलण्याआधी झाकण बदलून बघावं, हा सल्ला इतका क्षुल्लक वाटतो की तो देणाऱ्यालाच गिऱ्हाईक कच्चा समजतं.

रेडिएटर गळतो म्हणून त्यात हळद टाकण्याचा उपाय महाराष्ट्रातच काय, देशभर चालतो. आणि तो चालतो हे खरंच आहे. हळद पाण्यात फुगते, गळतीच्या बारीक भोकाशी पाण्याबरोबर ओढली जाते आणि तिथं बसते. रात्री रस्त्यात अडकलेल्या माणसानं चमचाभर हळद टाकून गाव गाठलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते, कारण गळती थांबली म्हणून गाडी गॅरेजला जातच नाही. जाळीच्या नळ्या चपट्या, आतून जेमतेम दोनेक मिलिमीटरच्या. भोक कुठलं आणि नळी कुठली हे हळदीला कळत नाही. रेडिएटरवाला तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरची टाकी डाख वितळवून उघडतो तेव्हा नळ्यांच्या तोंडावर पिवळट-तपकिरी चिकट थर दिसतो आणि खाली गंजाचा गाळ. पट्टी घालून एकेक नळी मोकळी करत जावं लागतं, काही उघडतात, काही नाही. अॅल्युमिनियमच्या जाळीवर प्लॅस्टिकची टाकी असलेल्या नव्या रेडिएटरला हे भाग्यही नाही. तो बदलावाच लागतो.

पुण्या-मुंबईकडच्या जुन्या गाड्यांत आणखी एक गुंता आहे, सीएनजी किटचा. रिड्यूसरमध्ये गॅसचा दाब एकदम उतरतो, तेव्हा तो खूप गार होतो. म्हणून किट बसवताना इंजिनाचं गरम पाणी टी-जोड मारून रिड्यूसरमधून फिरवतात. म्हणजे थंडाव्याच्या मूळ रचनेत दोन पाइप, चार क्लिपा आणि उंचावर एक खिसा वाढला, जिथं हवा धरते. इथं एक फार उपयोगी खूण मिळते. काटा वर चढलेला आहे आणि त्याच वेळी रिड्यूसरवर दव किंवा बर्फ धरलेला आहे, अशी गाडी दिसली तर पाणी कमी आहे किंवा हवा अडकली आहे, हे जवळपास नक्की. इंजिन पेटलंय आणि चार इंचांवर बर्फ, हा देखावा बघून गॅसवाला म्हणतो पाण्याचं बघा आणि मेस्त्री म्हणतो गॅसवाल्याकडे जा. पण थर्मोस्टॅट काढलेला असेल तर रिड्यूसर थंडीच्या सकाळी एरवीही गारठतो, आणि ही खूणसुद्धा निकामी होते.

एवढं सगळं करण्याऐवजी काट्यावर लक्ष ठेवून गाडी चालवली तर काय बिघडलं, असंही विचारतात. काटा पाण्यात बुडालेल्या सेन्सरवर अवलंबून असतो. पाणी उतरून सेन्सर कोरडा पडला की काटा खाली येऊ शकतो. चढलेला काटा अचानक उतरला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर तो सुटकेचा नाही, गाडी ताबडतोब बाजूला घेण्याचा इशारा आहे. अॅम्बॅसेडरच्या जुन्या इंजिनाचं हेडही ओतीव लोखंडाचं होतं, तिनं असे अपमान बरेच सोसले आणि ‘पाणी टाका आणि चालवा’ ही सवय त्या काळातून आली. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ८०० सारख्या गाडीचं अॅल्युमिनियमचं हेड एकदा कोरडं तापलं की वाकतं.

आता खर्चाचा आक्षेप, आणि तो खरा आहे. ज्या गाडीची बाजारात किंमत चाळीस-पन्नास हजार, तिला थर्मोस्टॅट, थर्मो स्विच, झाकण, दोन पाइप आणि कूलंट घालून ‘मग बघू’ असं सांगणाऱ्या मेस्त्रीकडे कोण थांबेल? पण हे सगळं मिळून नव्या रेडिएटरच्या आसपास जातं, आणि प्रत्यक्षात घडतं ते असं, की आधी पंप बदलला जातो, मग रेडिएटर, मग हेड खोललं जातं, आणि तरी झाकण जुनंच असतं. यात मेस्त्रीची लबाडी असेलच असं नाही. आमच्या धंद्यात पैसे मिळतात ते पार्ट बदलल्याचे. तासभर गाडीशेजारी उभं राहून ती केव्हा तापते हे बघण्याचे पैसे कोणी देत नाही, आणि मागायची आमचीही हिंमत होत नाही. दुसरा आक्षेप सुट्या भागांचा. पद्मिनीचा योग्य थर्मोस्टॅट मिळवायला आज वणवण करावी लागते, ८०० ची तेवढी दैना नाही. जिथं मूळ भाग मिळतच नाही तिथं मापानं जवळचा दुसरा बसवावा, पण पातेल्यात तपासून. आणि तिसरा, घाटातला. तिथं तत्त्वज्ञान चालत नाही, हे कबूल. एसी बंद करावा, काचा खाली करून हीटर पूर्ण सोडावा, कारण तो छोटा रेडिएटरच आहे, तरीही काटा चढला तर थांबावं आणि झाकणाला हात लावू नये. पंखा डायरेक्ट करूनच वर पोचता येत असेल तर करावा. फक्त काय केलं ते कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावं, म्हणजे पुढच्या मेस्त्रीला ती वायर कुठून आली ते कळेल.

मूळ अवस्थेत आणूनही गाडी तापली तर? काही गाड्या तापतातच. पण आता रेडिएटर गार असताना झाकण काढून इंजिन सुरू केलं आणि पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले, तर ते पंपानं ओढलेल्या हवेचे की सिलिंडरच्या गॅसचे, हा वाद राहत नाही. पाइप नवे आहेत, क्लिपा घट्ट आहेत, हवा काढून झाली आहे. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा पाइप सुरू केल्याबरोबर, पाणी कोमट व्हायच्याही आधी, दगडासारखा कडक झाला, की हेड उतरवायचं. त्यावर स्टीलची सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून ०.०५ मिलिमीटरचा फिलर सरकवून बघायचा. दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीत तो शिरला, तर हेड फेसिंगला पाठवायचं.